तारेतलं दार

घोड्याच्या माळावर कंपनीची तार आली ती शिमग्याच्या सुमाराला, आणि ती सगळ्यात आधी कळली शेळ्यांना. गोरोबाच्या कळपातली म्होरकी शेळी रोजच्या वाटेनं माळ चढली, नाक तारेला लागल्यावर थांबली. मागची सगळी जनावरं तिच्यामागं थांबली. मग सगळ्यांनी मिळून गोरोबाकडं वळून बघितलं, जशी काही तार त्यानंच बांधली होती.

गोरोबानं हात लावून बघितला. तार नवी होती, बोटांना तेलकट लागलं. पलीकडच्या उतारावर पाझर तलावाचं पाणी चकाकत होतं. वाडीच्या विहिरी होळी झाली की बुडाला टेकतात. तिथून पुढं पाऊस पडेपर्यंत शेरडांना पाणी म्हणजे हा तलाव. माळ चढायचा, म्होरं उतरायचं, पाणी पाजायचं, दुपारी लिंबाच्या सावलीला बसवायचं. गोरोबाच्या आज्यानं हेच केलं, बापानं हेच केलं. आता वाटेत तार होती, आणि तारेच्या आत वाऱ्यावर वीज करणारे मोठाले पंखे उभे राहणार होते.

पंख्याची कंपनी लांबच्या देशातली. देशाचं नाव वाडीत कुणाला नीट घेता येत नव्हतं. गोरोबाचा लेक वैजनाथ त्याच कंपनीच्या यार्डात वॉचमन होता, त्यानं एक नवल सांगितलं होतं. "पैसा तिकडल्या म्हाताऱ्यांच्या पेन्शनीचा हाय म्हनं. त्येंची पेन्शन इथं पंख्यात गुतवलीय."

"बघा बया," हरणाबाई म्हणाली, "तिकडल्या म्हाताऱ्यांची पेन्शन आमच्या माळावर हिंडायलीय, आन् आमची शिमगा झाला तरी बँकेत आली न्हाई."

हरणाबाई गोरोबाची बायको. तोंडानं फटकळ, हातानं चांगली. तिच्या बोलण्यावर वाडी हसायची आणि ती बोलली ते विसरायची नाही.

दुसऱ्या दिवसापासून गोरोबा शेरडं सडकेनं न्यायला लागला. वळसा लांबचा. डांबर तापलेलं, त्यात खडीचे टिप्पर एकामागं एक. टिप्पर आला की कळप फुटायचा, निम्मी शेरडं इकडच्या चारीत, निम्मी तिकडच्या. गोरोबा काठी आडवी धरून "हुर्र, हुर्र" करत मधे उभा राहायचा आणि ड्रायव्हर त्याला आई-बहिणीवरून बोलून पुढं जायचा. तलावावर पोचेपर्यंत उन्हं डोक्यावर यायची. गाभण शेळ्या पाणी पिऊन खाली बसल्या की उठायचं नाव घेत नसत. घरी आल्यावर हरणाबाई त्यांच्या खुरांना तेल लावायची आणि कंपनीला शिव्या मोजायची.

वैजनाथनंच मग शिवराजला गाठलं. शिवराज शेजारच्या गावचा पोरगा, कंपनीच्या ठेकेदाराचा माणूस. पांढरा शर्ट, बुलेट, कानाला फोन. लोक काय मागतायत आणि साहेब काय मागतायत, या दोन्हीच्या मधे त्याची बुलेट चालायची. तो अंगणात आला, बाजेवर बसला आणि लगेच कामाचं बोलला.

"तात्या, तारंत दार ठिवता येतंय. येत न्हाई असं न्हाई. पर मोठ्या साहेबानं नकाशावर वाट मंजूर केली तर."

"मंग करा म्हणावं की मंजूर. वाट काय म्या नवी मागायलोय?"

"तसं नसतंय तात्या. परदेशी पैसा हाय. नियमाबाहेर खिळा ठोकता येत न्हाई. आन् साहेब लई कडक. पैशाला हात लावत न्हाईत." शिवराजनं फोन उलटा करून मांडीवर ठेवला. "गावरान बोकडाचं तेवढं आवडतंय त्येंला."

साहेब कुठल्या खात्याचे, कुठं बसतात, हे शिवराजनं सांगितलं नाही आणि गोरोबानं विचारलं नाही. साहेब म्हणजे साहेब. पैशाला हात लावत नाहीत हे ऐकून मात्र त्याला साहेबाविषयी आदरच वाटला.

शेरडांच्या वाडग्यात तेव्हा द्यायजोगा एकच बोकड होता. चांद्या. अंगानं काळाभोर, फक्त डाव्या कानाच्या टोकाला पांढरा ठिपका. त्याची आई व्यायली आणि गेली. हरणाबाईनं त्याला दुसऱ्या शेळीचं दूध चिंधीची वात करून पाजलं, थंडीत पदराखाली घेऊन झोपली. जगला तर तुझा, असं तिनं माळावरच्या म्हसोबाला कबूल केलं होतं. चांद्या जगला, दोन वर्षांचा झाला, दांडगा झाला. दांडगा झाल्यावरही ती भाकरी थापायला बसली की येऊन तिच्या पाठीला डोकं घासायचा.

"त्यो म्हसोबाचा हाय," हरणाबाई म्हणाली.

"म्हसोबा थांबंल. तान्हेली शेरडं थांबतील का?"

"म्हसोबाच्या तोंडातला घास साहेबाच्या तोंडात घालायलाव तुमी."

"आगं, मान हाय त्यो. एवढा मोठा मानूस आपल्या दारचं खानार. आपल्या दारचं कुनी खाल्लंय का आजवर?"

हे मात्र खरं होतं. गोरोबाच्या उभ्या जन्मात कुणा साहेबानं त्याच्याकडं काही मागितलं नव्हतं, कारण मागण्यासारखं त्याच्याकडं काही आहे असं कुणाला वाटलंच नव्हतं. शिवराजनं मागितलं तेव्हा त्याला राग यायला हवा होता. पण खरं सांगायचं तर त्याला बरं वाटलं होतं. हरणाबाईनं चांद्याला बाभळीच्या मूठभर शेंगा चारल्या, कानाच्या ठिपक्यावरून बोट फिरवलं आणि दाव्याचं टोक नवऱ्याच्या हातात दिलं. मग ती पाठ करून भांडी घासत बसली. बोकड नेताना बघू नये म्हणतात, पण तिनं बघितलं नाही ते रडू येत होतं म्हणून.

जेवण शिवराजच्या मळ्यात होतं, आंब्याखाली. गोरोबा धुतलेलं धोतर नेसून, पटका बांधून सकाळीच गेला. परतला तो दिवेलागणीला. डोळे धुरानं लाल झालेले, मिशीत राख, धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं. हात-पाय धुऊन तो चुलीपुढं बसला.

"कसं झालं जेवण?" हरणाबाईनं विचारलं.

"झकास. साहेब खूश झाले. म्हनले, असं मटण शहरात मिळत न्हाई." गोरोबानं दुरडीकडं बघितलं. "भाकर हाय का एखादी?"

तिनं भाकरी दिली. वर ठेचा. त्यानं ती खाल्ली. तिनं दुसरी दिली, तीही खाल्ली. तिसरी मागताना तो म्हणाला, "तिकडं तिखट लई हुतं, पोटभर खाल्लं गेलं न्हाई." सून शिवकन्या काहीतरी विचारायला तोंड उघडणार, तोवर हरणाबाईनं तिला डोळ्यानं गप्प केलं. तिला कळायचं ते कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी मारुतीच्या पारावर गोरोबानं गोष्ट सांगितली. साहेब कसे बोलले, कसे हसले. सांगता सांगता गोष्ट पुढं सरकली आणि साहेबांनी गोरोबाला हाताला धरून शेजारी बसवलं, स्वतः वाटीत रस्सा वाढला. शेजारचा बलभीम म्हणाला, "लका, गोरोबा साहेबाच्या पंगतीला!" त्या दिवसापासून पारावर कुणी ना कुणी गोरोबाला सरकून जागा द्यायला लागलं. हरणाबाईनं हे ऐकलं आणि पोटात ठेवलं. म्हाताऱ्याला तेवढं सुख आहे तर असू दे, असं तिनं मनाशी म्हटलं.

दार मात्र आलं नाही. चैत्र गेला. शिवराज दिसला की बुलेट न थांबवता हात करायचा. "हुतंय तात्या, फाईल वर गेलीय."

शेरडं सडकेनं जात राहिली. ऊन असं की डांबराला काठी टेकवली की खळगा पडायचा. हरणाबाई पहाटेच आकडी घेऊन बाहेर पडायची, बाभळीच्या फांद्या ओढून शेंगा झोडायची, भारा डोक्यावर घेऊन यायची. हातावर काट्यांच्या रेघा वाळायच्या आत नव्या उठायच्या. घरी पाजायला पाणी नाही, तर निदान जनावरांच्या पोटात काही जावं. एका दुपारी टिप्परनं अगदी जवळ येऊन हॉर्न मारला आणि म्होरकी शेळी चारीत पडली. ती गाभण होती. संध्याकाळी तिनं गाभ टाकला. दोन पिल्लं, अजून केसही न आलेली. हरणाबाईनं ती फडक्यात गुंडाळून उकिरड्यामागं पुरली आणि शेळीच्या कासेवर हळद लावत राहिली. गोरोबा बाजेवर बसून होता. त्या दिवशी तो पारावर गेला नाही.

वैशाखात वैजनाथ बातमी घेऊन आला. परदेशातून मॅडम येणार होती. ज्या म्हाताऱ्यांचा पैसा, त्यांनीच पाठवलेली. गावात काम सरळ चाललंय का, कुणाला त्रास झाला का, कुणी काही खाल्लं का, हे बघायला.

आदल्या संध्याकाळी शिवराज घरोघर फिरला. गोरोबाच्या अंगणात बाजेवर न बसता उभ्यानंच बोलला.

"तात्या, उद्या इचारतील. कुनी काय मागितलं का, दिलं का. न्हाई म्हनायचं. एवढंच. 'दिलं' म्हनलं की त्येंचा नियम असा हाय, पैसाच बंद. मंग यार्ड बंद. वैजनाथची वर्दी उतरली म्हनून समजा."

"आबा, न्हाई म्हना तुमी," वैजनाथ म्हणाला. त्याच्या अंगात कंपनीचं भगव्या रंगाचं जाकीट होतं, पाठीवर चकाकता पट्टा असलेलं. तो ते घरीही काढत नसे.

"न्हाई कसं म्हनू?" गोरोबाला ते लागलं. "म्या काय चोरी केली का? साऱ्या वाडीला म्हाईत हाय साहेब माझ्याकडचं जेवले."

शिवराजनं हात जोडले, अगदी खरोखर जोडले, आणि गेला.

मॅडम दुसऱ्या दिवशी सकाळीच आली. उंच, उन्हानं लाल झालेली, पायात जाड बूट, हातात स्वतःची पाण्याची बाटली. बोलणं इकडचं तिकडं करायला धाराशिवची शुभांगी नावाची मुलगी होती. शाळेच्या व्हरांड्यात सतरंजी टाकली होती. शिवकन्यानं शेजारून चांगल्या कपबश्या मागून आणून शेळीच्या दुधाचा चहा केला होता, आलं ठेचून. मॅडमनं हात जोडले आणि चहा घेतला नाही.

"त्यांच्या कंपनीचा नियम आहे आजी," शुभांगी ओशाळून म्हणाली. "तपासणीला आलं की कुणाचं काही घ्यायचं नाही."

"चहाबी?" हरणाबाईनं विचारलं.

"चहासुद्धा."

चहा थंड होत राहिला. बलभीम गोरोबाच्या कानात म्हणाला, "एक त्यो साहेब, एक ही. दोघांच्या मधला एखादा देवानं केला असता तर बरं झालं असतं."

विचारणं सुरू झालं. एकेक माणूस उठायचा, जमिनीचा मोबदला मिळाला म्हणायचा, कुणी काही मागितलं नाही म्हणायचा, बसायचा. शिवराज खांबाला टेकून उभा होता आणि प्रत्येक 'नाही'ला त्याचा खांदा थोडा सैल पडत होता. मग गोरोबाची पाळी आली.

"बाबा, शेळ्यांच्या वाटेसाठी तुमच्याकडून कुणी काही घेतलं का?"

"घेतलं न्हाई," गोरोबा म्हणाला. शिवराजनं श्वास सोडला. "म्या दिलं."

शुभांगीनं मॅडमला सांगितलं. मॅडम पुढं सरकून बसली.

"काय दिलंत?"

"बोकड. चांगला पोसलेला. साहेबाला जेवू घातलं. मान हाय त्यो आमचा. मोठा मानूस दाराशी आला तर कोरड्या तोंडानं धाडतोय का आमी?" गोरोबानं पटका सारखा केला. सगळी वाडी ऐकत होती, आणि त्याला ती ऐकत असलेली हवी होती. "साहेबानं मला शेजारी बसवलं. आपल्या हातानं वाढलं."

मॅडम बराच वेळ काही बोलली. शुभांगीनं ते नीट, सावकाश सांगितलं. "त्या विचारतात, ही तुम्ही आपणहून दिलेली भेट होती, की मागितलं म्हणून दिलं? भेट असेल तर त्या पुढं काही करू शकत नाहीत. वाटेचं जसं चाललंय तसं चालेल. नीट आठवून सांगा."

"भेट," गोरोबा म्हणाला. "मान."

व्हरांड्याच्या कडेला बायका बसल्या होत्या. हरणाबाई उठली. तिच्या डोळ्यापुढं उकिरड्यामागचं ते फडकं होतं. जसं चाललंय तसं चालेल, म्हणजे उद्या पुन्हा सडक, पुन्हा टिप्पर.

"मान न्हवता त्यो, बाई," ती म्हणाली.

"हरणे, खाली बस."

"बसते. बोलून बसते." ती नवऱ्याकडं न बघता शुभांगीशी बोलत राहिली. "मान असता तर ह्येंला संगं बसवलं असतं. आमच्यात बोकड ज्याचा त्याला आधी ताट. ह्येंला ताटच वाढलं न्हाई. दिसभर चूल फुकून घेतली, पानी वाहून घेतलं, आन् उपाशी घरी धाडलं. मिशीत राख हुती. घरी येऊन तीन भाकरी खाल्ल्या ठेच्यासंगं. म्या वाढल्या, मला म्हाईत. मागितला म्हनून दिला बोकड. तारंतल्या दारासाठी. दार तर आलंच न्हाई."

शुभांगी मॅडमला सांगायला लागली. गोरोबा आपल्या पायाकडं बघत होता. त्याच्या अंगठ्याचं नख टिप्परखाली जाता जाता वाचलं होतं, ते काळं पडलं होतं.

मॅडमनं कागद उलटले, फोनवर कुणाशी बोलली. मग शुभांगीकडं वळली. शुभांगीला ते मराठीत सांगायला थोडा वेळ लागला.

"आजी, दार ठेवायला कुणाची मंजुरी लागतच नव्हती. जागेचा करार करताना कंपनीनंच लिहून दिलंय, शेळ्यांच्या वाटा उघड्या ठेवू. तार कंपनीची, दार कंपनीचं. साहेबाचा त्यात काही संबंध नव्हता."

बलभीमनं "आरं तिच्या मायला" एवढंच म्हटलं. शिवराजनं पायऱ्या उतरून बुलेट काढली. गोरोबा उठला आणि कुणाकडं न बघता शेरडं सोडायला निघून गेला.

बोकड गेला, आणि जे आधीच त्याचं होतं त्यासाठी गेला. हे त्याला त्या उन्हात चालताना कळत होतं, आणि त्याहून जास्त हे टोचत होतं की आता पारावर त्याला कुणी सरकून जागा देणार नाही.

पुढच्या आठवड्यात यार्ड बंद झालं. पैसा तिकडून थांबला. टिप्पर सडकेच्या कडेला रांगेनं उभे राहिले, ड्रायव्हर त्यांच्या सावलीत पत्ते खेळायला लागले. साहेबाची बदली झाली म्हणून कळलं. नवे साहेब आले, ते पंख्याच्या कागदाला बोट लावेनात. आधीच्याची सही बोकड घेऊन मिळायची, याची काही घेऊनही मिळेना. वैजनाथचं जाकीट खुंटीला लागलं. तो सकाळच्या एसटीनं धाराशिवला हमालीला जायला लागला आणि आईशी तुटक बोलायला लागला. वाडीतली यार्डावर जाणारी बाकीची पोरंही घरी बसली.

"खात हुते तर खात हुते," बलभीम पारावर म्हणाला. "काम तर चालत हुतं. एका बोकडापायी साऱ्या माळाचा पंखा बंद."

हे हरणाबाईच्या कानावर आलं. "बोकड तुझा न्हवता म्हनून बोलायलास," ती त्याला विहिरीवर म्हणाली. पण घरी आल्यावर ती खुंटीकडं पाठ करून जात्याला बसली. खुंटीवरच्या जाकिटाकडं तिला बघवत नव्हतं.

गोरोबा तिच्याशी बोलत नव्हता. भांडण नाही, आवाज नाही. ती भाकरी वाढायला आली की तो म्हणायचा, "शिवकन्ये, पानी दे गं," आणि शिवकन्या येईपर्यंत ताटाला हात लावायचा नाही. दुसरी भाकरी तर त्यानं तेव्हापासून मागितलीच नाही. एक खायची, उठायचं. इतक्या वर्षांत तिनं त्याचं सगळं सोसलं होतं, हे मात्र सोसत नव्हतं. खोटं बोलली असती तर माफी मागितली असती. खऱ्याची माफी कशी मागायची?

एक बरं झालं होतं. टिप्पर उभे होते, म्हणून सडकेवर शेरडं सुखानं चालत होती.

ज्येष्ठ लागला आणि एका सकाळी माळावरून ठोकण्याचा आवाज आला. गोरोबा चढून वर गेला. ठेकेदाराची दोन माणसं तार कापून लोखंडी दार बसवत होती. नवं, पिवळ्या रंगाचं, म्हसोबाच्या शेंदरी दगडाला लागून, बरोबर जुन्या वाटेवर. दार नाही तोवर पैसा नाही, असा तिकडून निरोप आला होता म्हणे. इतके दिवस अडलेलं दार दुपारच्या आत उभं राहिलं. वैजनाथलाही यार्डातून कामावर यायचा फोन आला.

अमावस्येला शिवराज बुलेटवर वाडीत आला, मागं टेंपो होता. टेंपोत बोकड होता. बाजारातला, काळा, जाडजूड, बिचकलेला.

"तात्या, तुमचा बोकड परत द्यायचा हुकूम हाय. आन् द्यायचा फोटो पाठवायचाय, दारापाशी."

"दिल्यालं म्या परत घेत न्हाई," गोरोबा म्हणाला.

हरणाबाई दारातून बोलली. महिन्याभरात त्याला उद्देशून पहिल्यांदाच. "तुमी दिलंच न्हवतं. त्येंनी नेलं हुतं. नेल्यालं परत घ्यायला लाज कसली? आन् आपल्याला नसंल घ्यायचा तर म्हसोबाचा म्हसोबाला द्या. त्यो अजून उपाशीच हाय."

गोरोबानं पुढं होऊन बोकडाचं दावं हातात घेतलं. हरणाबाईनं जवळ येऊन बोकडाचा डावा कान उलटा करून बघितला. ठिपका नव्हता. तो असणार नव्हता हे तिला माहीत होतं, तरी तिनं बघितलं.

"फोटो निवद दावल्यावर," गोरोबा शिवराजला म्हणाला. "तवर थांब."

बोकड कापायला मुनवर मुलाण्याला बोलावणं गेलं. माळावर, नव्या दाराजवळ तीन दगडांची चूल मांडली. वाडीतली माणसं एकेक करून आली, बलभीमसुद्धा आला, येताना कांदे घेऊन आला. शिवकन्यानं मसाला वाटला. हरणाबाई चुलीपुढं बसली, आणि गोरोबा लाकडं आणून देत राहिला, पण तिच्या हातात न देता बाजूला ठेवत राहिला. शिवराज लांब, तारेजवळ, बुलेटच्या आडोशाला फोन बघत बसला. ऊन चढलं तशी बुलेटची सावली त्याला पुरेना. तो उभा राहिला. रश्श्याचा वास माळभर सुटला होता.

गोरोबाचं त्याच्याकडं लक्ष होतं. गेला महिनाभर त्यानं मनात एक वाक्य घोळवलं होतं. शेरडांमागं चालताना ते तो पुटपुटायचासुद्धा. कधी वेळ आलीच तर त्याला म्हणायचं, तू तिकडं थांब, आमचं जेवण होऊ दे. त्या दिवशी आंब्याखाली शिवराज त्याला हेच म्हणाला होता.

म्हसोबाला निवद दाखवला. पंगत बसली. पत्रावळी पडल्या, भाकरी पडल्या. गोरोबा बसला, शेजारी एक जागा मोकळी राहिली. त्यानं तारेकडं बघितलं. शिवराज एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होता, ओठ कोरडे पडलेले. अन्न शिजलंय आणि माणूस उभा आहे, हे गोरोबानं आजवर आपल्या दारात होऊ दिलं नव्हतं. घोळवलेलं वाक्य ओठापर्यंत आलं, आणि तोंडातून दुसरंच गेलं.

"शिवराज, ये. ताट वाढलंय."

"नगं तात्या. मॅडमनं मीटिंग घेऊन सांगितलंय. कुनाकडं चहाबी घ्यायचा न्हाई आता. नियम झालाय."

"म्या तुला इचारलं का नियम? ये म्हनतोय. इथं बस, माझ्याशेजारी."

शिवराजनं फोन खिशात घातला. चपला तारेजवळ सोडून तो आला आणि बसला. त्याची मान खाली होती. हरणाबाईनं त्याच्या पत्रावळीवर रस्सा वाढला, चांगले तुकडे निवडून वाढला.

"मॅडमनं इचारलं तर सांग," गोरोबा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "म्हनावं, गोरोबानं संगं बसवलं हुतं. ह्येला मान म्हनत्यात." मग तो थांबला, पाणी प्याला, आणि पंगतीकडं बघून म्हणाला, "त्या दिवशी आंब्याखाली म्या उपाशी हुतो. हरणा खरं बोलली."

बलभीमनं न मागता त्याच्या पुढ्यात कांद्याची फोड सरकवली.

दारातून शेरडं एकेक करून पलीकडं उतरत होती. म्होरकी पाण्याजवळ पोचलीसुद्धा होती. हरणाबाई पातेलं घेऊन पंगतीतून फिरत गोरोबापाशी आली. त्याची भाकरी संपली होती. ती उभी राहिली, आणि या वेळी त्यानं शिवकन्याला हाक मारली नाही.

"आजून एक दे," तो तिला म्हणाला.

तिनं दोन वाढल्या.